येळवस महिनाभर आधी आली

संगणकाच्या कोडचा माझा पहिला तुकडा नाकारला गेला तेव्हा मी निषेधाचं पत्रक लिहिलं. छापलं नाही, नाकारल्याचं उत्तर ज्या चौकटीत आलं होतं त्याच चौकटीत टाईप करून टाकलं. पहिलं वाक्य होतं, 'हा गुंठ्यात जमीन मोजणाऱ्या तमाम शेतकऱ्यांचा अपमान आहे!' खाली सात मुद्दे आणि शेवटी, 'जवाब दो!'

जवाब दुसऱ्या दिवशी आला. ज्या सामायिक भांडारात मी तो तुकडा पाठवला होता, ते सांभाळणाऱ्या मीनाक्षीताई धारवाडकडच्या. त्यांनी शांतपणे लिहिलं होतं, "तुमची भावना पोचली. आता कोडमध्ये नेमका काय बदल केला, ते एका ओळीत सांगा."

एका ओळीत! आमच्या धंद्यात एका ओळीत फक्त मथळा बसतो.

धंदा म्हणजे पत्रकं. परभणीत आमच्या संघटनेचं दोन खोल्यांचं कार्यालय आहे. मी एकोणिसाव्या वर्षापासून तिथे रेशन, रोजगार हमी, गायरान, एसटीच्या बंद केलेल्या फेऱ्या, ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर पत्रक लिहीत आले. शिकवलं दत्ताभाऊंनी. माणूस साठीचा, आवाज विशीचा. पहिलं पत्रक घेऊन गेले तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सारिका, हे काय निबंध लिहून आणायलीस? कुणी केलं, कुणाचं वाटोळं झालं, अन् आपल्याला काय पाहिजे, एवढंच सांग. बाकी दाळीतलं पाणी." पुढे संघटनेकडे अर्जांचा ढीग झाला, ते नीट लावायला एक जुना संगणक आला, आणि 'तू तरुण हायेस' या एकाच पात्रतेवर तो माझ्या गळ्यात पडला. मी पायथन नावाची भाषा शिकले. क्लासमधले सर म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही आधी टायपिंग करा. फॉर्म भरायचं दुकान टाकता येईल." खेड्यातल्या पोरीने फॉर्म भरावेत आणि फॉर्म बनवावेत मात्र शहरातल्या पोरांनी, हा कुठला न्याय? त्या रागात मी दोन महिन्यांचा कोर्स पाच आठवड्यांत संपवला.

आता हे भांडार म्हणजे काय, ते सांगते. दिवाळी अंक वाचणाऱ्या माझ्या मावशीला कळलं पाहिजे, एवढंच माझं माप.

आमच्या गावात लग्नाची भांडी सामायिक आहेत. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत मोठाली पातेली, पराती, झारे ठेवलेत. कुणाकडे कार्य निघालं की न्यायची, घासून परत ठेवायची. कुणी नवं पातेलं दिलं तर त्याच्या काठावर नाव कोरतात. पातेल्याला भोक पडलं आणि ते तुम्हाला दिसलं, तर डाख तुम्हीच लावून आणायचा. आमचं कोडचं भांडार अगदी असंच. संगणकाला सांगायच्या कामांचे छोटे छोटे तुकडे तिथे जगभरची माणसं ठेवतात. कुणीही न्यावेत, वापरावेत, सुधारावेत. कुणी काय ठेवलं ते नावानिशी दिसतं. एवढाच फरक की इथे पातेलं आत ठेवण्याआधी मीनाक्षीताई ते वाजवून बघतात.

माझं पहिलं पातेलं गुंठ्याचं होतं. भांडारात जमीन मोजायचा एक तुकडा आधीपासून होता. आपल्याकडे माणूस 'दोन पॉइंट वीस' म्हणतो तेव्हा त्याला दोन एकर वीस गुंठे म्हणायचं असतं, म्हणजे अडीच एकर. तो तुकडा मात्र ते शाळेतल्या दशांशाने वाचायचा आणि दोन एकर आठ गुंठे धरायचा. बारा गुंठे हवेत! बारा गुंठ्यांवरून आमच्याकडे भावाभावांची बोलणी बंद होतात. मी ते दुरुस्त केलं, मग रडतरडत एक ओळ लिहिली, 'ठिपक्यानंतरचा आकडा गुंठे म्हणून वाचला.' तासाभरात तुकडा आत गेला. माझं नाव काठावर!

मी कार्यालयात उडीच मारली. दत्ताभाऊ म्हणाले, "कलेक्टरनं मागणी मान्य केली का काय?"

"भाऊ, त्याच्याहून मोठं. दुनियेनं केली."

मग मला झपाटलंच. आठवडी बाजाराचा तुकडा टाकला. गावाचं नाव द्या, बाजाराचा वार मिळेल, पुढच्या चार बाजारांच्या तारखा मिळतील. ताडकळस आणि आसपासची गावं मी स्वतः भरली. दोन महिन्यांनी आफ्रिकेतल्या एका गावातल्या माणसाचा निरोप आला. त्याने गावांची नावं बदलून माझा तुकडा त्याच्या भागातल्या बाजारांना लावला होता. सोबत फोटो होता. लाल मातीवर फाटक्या ताडपत्र्या, टोमॅटोचे ढीग आणि एका बकरीला दोघंजण दोन बाजूंनी ओढतायत. मी तो फोटो आईला दाखवला. आई म्हणाली, "हा तर आपलाच बाजार हाय की." एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली, पण मी दिवसभर जमिनीवर नव्हते. लोक मला विचारतात, फुकट कशाला करतेस? मी म्हणते, तुमच्या लग्नात देवळामागची भांडी फुकट वापरलीत तेव्हा हा प्रश्न कुठे होता?

आता खरी गोष्ट. यात चूक माझी आहे, ते आधीच सांगून टाकते.

भांडारात एक सुट्टीचा तुकडा होता. लोक कोणत्या दिवशी कामावर नसतात, घरी सापडतात, ते तो सांगायचा. उत्तर ठरलेलं असायचं, शनिवार आणि रविवार. वाचून माझं डोकं फिरलं. आमच्या गावात रविवारी कापूस वेचायचा थांबतो का? म्हैस रविवारी दूध देत नाही का? शहरातल्या माणसाने आपला आठवडा सगळ्या दुनियेच्या गळ्यात बांधायचा आणि मग गावात शिबिर घेतलं, लोक आले नाहीत, अडाणी आहेत म्हणायचं! मी उलटा तुकडा लिहायचा ठरवला. त्याचं नाव 'रिकामं गाव'. गावात कुणीच भेटणार नाही असे दिवस तो लाल दाखवील. बाजाराचा दिवस लाल, पोळा लाल आणि येळवस तर लालभडक.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, वेळा अमावस्या. परभणी शहरात तिचं एवढं काही नाही, पण आमच्या पट्ट्यात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, तेही शेतात जातं. प्रत्येकाच्या शेतात कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड मांडून पुजतात, आणि मग भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे. भज्जी म्हणजे शहरातली तळलेली भजी नव्हे. हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, चिंच, बेसन असा सगळा शिवार एका पातेल्यात शिजतो. त्या दिवशी कुणाच्याही बांधावर पाऊल ठेवलंत की जेवल्याशिवाय सुटका नाही.

तिथी काढायला भांडारातच चंद्राचा एक तुकडा तयार होता. पूर्व उत्तर प्रदेशातल्या अवधेश नावाच्या मुलाने लिहिलेला. महिना आणि तिथी द्या, तो तारीख देतो. मी गुढीपाडवा देऊन पाहिला, बरोबर. दसरा दिला, बरोबर. मग मार्गशीर्ष अमावस्या जोडून तुकडा पाठवून दिला.

मीनाक्षीताईंनी नेहमीप्रमाणे वाजवून पाहिलं. "येळवशीच्या मागच्या तीन वर्षांच्या तारखा द्या. आणि त्या कशावरून घेतल्या तेही लिहा."

इथे माझ्यातली पत्रकवाली उठली. मी लिहिलं, 'आमच्या पणज्यापासून आम्ही येळवस करतो. तुम्ही आम्हाला आमच्या सणाचा पुरावा मागणार? जंगलातल्या माणसाला झाडाचा दाखला मागणाऱ्या साहेबांत आणि तुमच्यात फरक काय?' वाक्य चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा भांडले. शेवटी त्या म्हणाल्या, "तिथल्या तुम्ही आहात. तुमच्यावर विश्वास ठेवते." आणि तुकडा आत घेतला.

हे भांडण चाललं होतं तेव्हा माझ्या डोक्याच्या वर, खिळ्याला, दिनदर्शिका लटकत होती. तीन पानं उलटायची होती. मी उलटली नाहीत.

त्या थंडीत आमच्या गावात जनावरांच्या लसीचं शिबिर ठरलं. डॉक्टर कदम नवे, मानवतचे, तिशीतले. बुळकांडीची लस शेळ्यामेंढ्यांना द्यायची होती. त्यांनी मला कार्यालयात येऊन विचारलं, "ताई, मागच्या गावात गेलो तर सगळी माणसं बाजारात. तुमचं काहीतरी मशीन आहे म्हणे?" मी अभिमानाने 'रिकामं गाव' उघडून दिलं. त्यांनी हिरव्या दिवसांतला एक निवडला. नोव्हेंबरात एक दिवस विनाकारण लाल दिसत होता, तो मला दिसला होता. कशाचा तरी असेल म्हणून सोडून दिला. डिसेंबरअखेरचा त्यांनी निवडलेला दिवस हिरवागार होता. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता गावातल्या शेळ्यामेंढ्यावाल्यांच्या फोनवर आपोआप निरोप जाईल, अशी सोय मी केली.

हे शिबिर मी ज्यांच्यासाठी मागितलं होतं त्या साखरमावशी. मेंढरंवाल्या. साठ-पासष्ट मेंढरं, एक कुत्रं आणि त्यांचा दीर मारोती, एवढा संसार. आदल्या वर्षी बुळकांडीत त्यांचा अर्धा कळप गेला. मेंढरू नाकातोंडातून गळतं, हगतं, तोंडात फोड येऊन चारा सोडतं आणि आठवड्यात आडवं होतं. तेव्हा मी पत्रक काढलं होतं, 'मेंढपाळांना वाली कोण?' साखरमावशींनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "लय चांगलं लिवलंस गं. पर मेंढरू कागद खातंय, कागदानं जगत न्हाई. सुई आण." येळवस झाली की दुसऱ्या दिवशी त्या कळप घेऊन मानवतच्या बाजूला जातात, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीत मेंढरं चारायला. एकदा गेल्या की उन्हाळ्याशिवाय परत नाहीत. सुई लागायची तर त्याच्या आत.

चार वाजता निरोप गेला. चार वाजून सात मिनिटांनी माझा फोन वाजला.

"सारिके, डोकं फिरलंय का तुजं?"

"काय झालं, मावशी?"

"उद्या सकाळी नऊला पारावर मेंढरं घिऊन या म्हणायलीस. उद्या येळवस हाय! पारावर कोण यील, मारुती?"

मी भिंतीकडे पाहिलं. दिनदर्शिकेवर उद्याच्या चौकोनात काळा गोल होता.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, लस निघालीय. परवापासून पुढची गावं ठरलीत. तुमचा नंबर परत महिन्या-दीड महिन्याने." आणि एक अडचण आणखी होती. एका बाटलीत शंभर जनावरांची लस असते. बाटलीतली लस एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. "शंभराच्या आसपास जनावरं एका जागी उभी दिसल्याशिवाय मी बाटली फोडणार नाही. साठ मेंढरांसाठी चाळीस जनावरांची लस मातीत घालू का?" त्यांचं काहीही चुकत नव्हतं. चुकत नसलेल्या माणसाशी कसं भांडायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मग मी अवधेशवर घसरले. भांडारात सगळ्यांसमोर लिहिलं, 'तुमचा चंद्र चुकला आहे. तुमच्या तुकड्यामुळे आमच्या गावातल्या बाईचा कळप धोक्यात आलाय. जाहीर खुलासा करा!' तासाभरात त्याचं उत्तर, "दीदी, हमारे यहाँ तो अगहन की अमावस्या उसी दिन थी. पिताजी से भी पूछ लिया." अगहन म्हणजे त्यांचा मार्गशीर्ष. बापाला विचारून आला होता! मी आणखी चिडले. मीनाक्षीताईंनी फक्त एवढंच लिहिलं, "आधी उद्याचं शिबिर बघा. हे आपण नंतर बघू." मला तेव्हा त्यांचा राग आला. आता वाटतं, त्या दिवशी शहाणं माणूस एकच होतं.

दत्ताभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला. "माणसं मेली का गावातली?"

"नाही. शेतात गेलीत."

"मग शिबिर शेतात ने. रडायलीस काय?"

सकाळी आम्ही निघालो. दत्ताभाऊंच्या मोटारसायकलवर मी मागे, पुढे टाकीवर मोर्चाचा भोंगा बांधलेला. आमच्या मागून डॉक्टरांची जीप, आत बर्फाचा डबा. गाव खरोखर ओस होतं. साखरमावशींची मेंढरं गायरानाच्या कडेला जाळीत कोंडून उभी होती, पण बाकीच्या चाळीस शेळ्या शिवारभर विखुरलेल्या होत्या. दोन या कोपीपाशी, तीन त्या. पहिल्या शेतात उतरलो, "शेळ्या घेऊन गायरानावर चला" म्हणालो.

"जाऊ की. आधी बसा."

"काका, वेळ नाही."

"येळवशीला येळ न्हाई म्हनतीस? ए, पत्रावळ आण गं! सायबाला आंबील वाढ."

जेवलो. दुसऱ्या शेतातही जेवलो. डॉक्टर मला कानात म्हणाले, "ताई, या वेगाने शेळ्या गोळा होईपर्यंत मी खाऊन खाऊन मरेन." दोन शेतांत पाऊण तास गेला होता आणि शेळ्या मिळाल्या होत्या पाच. बांधावर पाऊल ठेवायचंच नाही, हा एकच उपाय होता.

मी भोंगा चालू केला. गाडीवाटेवर उभी राहिले.

या भोंग्यावरून मी तहसीलदाराला जाब विचारलाय, ठेकेदाराला विचारलाय, आमदाराला विचारलाय. बोट कायम समोर. त्या दिवशी तोंड उघडलं आणि समोर कुणीच नव्हतं. नुसती ज्वारी.

"ऐका हो ऐका! मी सारिका. आज येळवशीच्या दिवशी शिबिर ठेवलंय. ही डॉक्टरांची चूक नाही, सरकारची नाही, कुणाची नाही. माझी आहे! तारीख काढायचं मशीन मी बनवलं आणि ते तपासा म्हणून तीनदा सांगितलं तरी मी तपासलं नाही. मला माफ करू नका, नंतर शिव्या घाला. पण आत्ता शेळी घेऊन गायरानावर या. शंभर जनावरं झाली तरच बाटली फुटेल. साखरमावशी उद्या निघणार आहेत. मागच्या साली त्यांच्या मेंढरांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय!"

मग ज्वारीतून कुणीतरी ओरडलं, "बाई, पयल्यांदाच भोंग्यावर खरं बोलायलीस गं!" दोन-तीन शेतांत हसू फुटलं. दत्ताभाऊही हसले, लबाड!

आणि शेळ्या निघाल्या. या बांधावरून, त्या पायवाटेवरून. कुणी कानाला धरून, कुणी करडू बगलेत मारून. नवी लुगडी नेसलेल्या बाया, हातात अर्धा उंडा आणि दुसऱ्या हातात दोरी. गायरानाच्या कडेला एवढा गलका झाला की मोर्च्यालाही कधी जमला नव्हता. मी मोजत होते. सत्याऐंशी. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली.

तेवढ्यात मारोती जाळीपुढे आडवा उभा राहिला. "न्हाई. आमुशाला मेंढराच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई. मागल्या साली असंच कायतरी आडवं आलं आसंल."

दत्ताभाऊंनी अंधश्रद्धेवरचं भाषण सुरू करायला घसा खाकरला. मी त्यांची बाही ओढली. साखरमावशी पुढे आल्या. त्यांनी ना आवाज चढवला, ना दिराला दूर केलं.

"मारत्या, बुळकांडी आली तवा कंची तिथ हुती?"

"म्या काय तिथ बघत बसलो व्हतो का?"

"तिनं बी बगितली न्हवती." आणि एक मेंढी मानेला धरून मावशींनी डॉक्टरांपुढे केली. "टोचा सायेब."

मारोती आधी जाळीपुढून बाजूला झाला. मग त्यानेच जाळीचं तोंड उघडलं आणि एकेक मेंढरू पायाला धरून पुढे द्यायला लागला. मी कानांवर निळा रंग लावत गेले, टोचलेलं कळावं म्हणून. दीड तासात बाटली संपली. शेवटच्या टोचणीला डॉक्टरांनी रिकामी बाटली वर धरून दाखवली आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या! मला नाचावंसं वाटत होतं. नाचले नाही. माझे हात कोपरापर्यंत निळे होते.

मग अर्थातच जेवण. ज्यांच्या रानात मेंढरं बसतात त्यांच्या कोपीवर साखरमावशींचं पान ठरलेलं. तिथे आंबिलीचा पेला हातात घेऊन मी डॉक्टरांना माझं गाऱ्हाणं सांगितलं. पाडवा बरोबर येतो, दसरा बरोबर येतो, फक्त येळवस महिनाभर आधी येते, आणि तो उत्तरेतला पोरगा म्हणतो आमचं बरोबर आहे.

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. "तो बरोबरच आहे."

"म्हणजे?"

"आमच्याकडं येळवस एवढी नाही, मला माहीत नव्हतं. पण मानवतला आमच्या शेजारी कापसाचे व्यापारी आहेत, मारवाडी. लहानपणी मला कोडं पडायचं, त्यांचा श्रावण आमच्या आधी पंधरा दिवस कसा लागतो? त्यांचा महिना पुनवेला संपतो, आपला अमावस्येला. चांदणं वाढतं तो पंधरवडा दोघांचा एकच, म्हणून तुमचा दसरा जुळतो. कमी होतं त्या पंधरवड्याला आपण या महिन्याचा म्हणतो, ते पुढच्या महिन्याचा."

मी आंबील सांडली. खरंच सांडली! चंद्र एकच, अमावस्या एकच, पण अवधेश ज्या अमावस्येला मार्गशीर्षाची म्हणतो ती आमची कार्तिकातली. कुणीच चुकलं नव्हतं. म्हणजे पोळाही महिनाभर आधी सरकला असणार. मी तुकडा पोळा होऊन गेल्यावर टाकला, म्हणून कुणाला कळलं नाही. त्याचा बाप बरोबर, माझा पणजा बरोबर, आणि आमच्या दोघांत भांडारातल्या तुकड्याला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. महिना कुठं संपतो तुमच्याकडं?

बांधावर बसून फोनवरूनच लिहिलं. पहिल्यांदा अवधेशची माफी, सगळ्यांसमोर, शिव्या दिल्या होत्या तिथेच. त्याने लिहिलं, "दीदी, मुझे भी नहीं पता था कि आपके यहाँ महीना अमावस्या को बदलता है. चलिए, साथ में ठीक करते हैं." दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून ते केलं. माझं हिंदी परभणीच्या मोंढा-बाजारातलं, त्याचं पूर्वेकडचं, आणि तरी काय मजा आली! तो त्याच्या बापाला विचारायचा, मी दिनदर्शिकेची जुनी पानं शोधायचे. आता तो तुकडा आधी विचारतो, महिना पुनवेला संपतो की अमावस्येला. उत्तर दिलं नाही तर तारीख देतच नाही. मागच्या तारखा मी तीनऐवजी अकरा वर्षांच्या दिल्या. मीनाक्षीताईंनी एका शब्दात उत्तर दिलं, "सुंदर." त्यांना तीन वेळा छळल्याचं मला अजून टोचतं. माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही भांडता, पण परत येता." हे कौतुक आहे की तक्रार, मी अजून ठरवलेलं नाही.

साखरमावशी दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे निघाल्या. तीन-साडेतीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मागे मेंढरांचा आवाज, वारा.

"सारिके, हितं बुळकांडी आली."

मी खुर्चीतून उठले. "कुणाच्यात?"

"शेजारच्या कळपात. गळायलेत, आडवी पडायलेत. बिचाऱ्याची रोज दोन-तीन जायलीत."

"आणि आपली?"

"आपली चरायलीत." त्या म्हणाल्या, "निळ्या कानाची समदी चरायलीत बग. मी मारत्याला सकाळ-सांज मोजायला लावते."

मी काहीतरी बोलायला लागले. त्यांना माझं बोलणं नकोच होतं.

"आता ऐक. त्या डाक्टरला सांग हिकडं सुई पाठव, लौकर. अन् तुज्या त्या ह्याच्यात लिवून घे, न्हाईतर परत कंच्यातरी सणाला पाठवशील. ह्या गावात शुक्रवारी कुणी गावत न्हाई, समदी गाड्या भरून कापूस घालायला जात्यात. पलीकडच्या वस्तीत बाया सकाळी आठच्या आत घर सोडत्यात, तवा त्याच्या आत जायाचं. त्याच्या म्होरल्या गावात म्हसोबाची जत्रा हाय, पुनवंला. कंच्या म्हैन्याची पुनव, ते इचारून सांगते."

मी कागद ओढला. त्या बोलत गेल्या, गावामागून गाव, जशा चालत गेल्या होत्या त्या ओळीने. कुठे पाणी कोणत्या दिवशी सुटतं आणि सगळे नळापाशी असतात. कुठे एका भावकीत सुतक आहे. कुठल्या गावातले पुरुष ऊसतोडीला गेलेत आणि जनावरांचं सगळं बायांच्या हातात आहे, तेव्हा निरोप बायांच्या फोनवर द्यायचा. कुठल्याही सरकारी यादीत नसलेलं, कुठल्याही नकाशावर नसलेलं. नऊ गावं झाली. मी टाईप करून त्यांना वाचून दाखवली. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं आणि दुरुस्त करून घेतलं. काठावर नाव काय कोरू, विचारलं. म्हणाल्या, "साखरबाई लिव. आडनाव कशाला? मेंढरं वळकत्यात."

तसंच लिहिलं. भांडारात पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं. डॉक्टरांना फोन लावायला दुसरा फोन हातात घेतला.

"झालं का लिवून?"

"झालं, मावशी."

"मग दाब की! माजी मेंढरं पांगायलीत."

मी दाबलं.